काचेचा पडदा न हलवता : रॉटरडॅमच्या व्हॅन नेले कारखान्याचं प्रकरण

रॉटरडॅमहून डेल्फ्टकडे निघालं की रेल्वेच्या खिडकीतून एक लांबलचक काचेची इमारत दिसते. एका टोकाला आठ मजले, तिथून उतरत उतरत बुटकी होत गेलेली, आणि छपरावर सुट्या अक्षरांत नाव : व्हॅन नेले. कॉफी, चहा आणि तंबाखू यांचा हा कारखाना १९२५ ते १९३१ या काळात आखला आणि बांधला गेला. १९९०च्या दशकाच्या मध्याला तिथलं उत्पादन बंद झालं आणि २०१४ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत त्याचं नाव आलं. बंद पडणं आणि यादीत जाणं यांच्या मधल्या वीसेक वर्षांत या इमारतीचं काय केलं गेलं, आणि ते तसंच का केलं गेलं, याची ही मांडणी.

हेच प्रकरण निवडायला कारण आहे. जुन्या कारखान्यांच्या पुनर्वापराची चर्चा बहुतेक वेळा विटांच्या इमारतींभोवती फिरते. विटांची गिरणी सोशीक असते. भिंती जाड, खिडक्या मोजक्या. आत हॉटेल करा, संग्रहालय करा, घरं करा. बाहेरून ती गिरणीच दिसत राहते. १९२०च्या दशकातल्या आधुनिक कारखान्याला ही सोय नाही. त्याची भिंत म्हणजे पोलादाच्या सडपातळ पट्ट्या आणि त्यांत बसवलेली एकेरी काच. त्या भिंतीला हात लावला की इमारतच बदलते, आणि हात लावला नाही तर आजच्या नियमांत बसेल असं कार्यालय आत थाटता येत नाही. व्हॅन नेलेच्या पुनर्वापराचा सगळा पेच इथे आहे.

उजेडावर श्रद्धा असलेला मालक

कंपनी जुनी, १७८२ सालची. तिच्या डच नावाचा सरळ अर्थ ‘विधवा व्हॅन नेले यांचे वारस’ असा होतो. एकोणिसाव्या शतकात ती व्हॅन डर लेऊ घराण्याकडे आली. रॉटरडॅम बंदरात उतरणारी कॉफी, चहा आणि तंबाखू यांवर प्रक्रिया करायची, पुड्या भरायच्या आणि विकायच्या, हा धंदा. शहरातल्या जागा अपुऱ्या पडू लागल्या, तेव्हा शहराच्या वायव्येला, स्खी कालव्याच्या काठी, पोल्डरच्या, म्हणजे पाणी उपसून मिळवलेल्या, सखल जमिनीवर नवा कारखाना बांधायचं ठरलं.

सुरुवातीचे आराखडे मिखिएल ब्रिंकमन यांचे होते. १९२५ मध्ये ते वारले. कार्यालय त्यांचा मुलगा योहानेस याच्याकडे आलं आणि आराखड्याची धुरा लेएन्डर्ट व्हॅन डर व्लुख्त यांनी घेतली. काँक्रीटचा सांगाडा यान खेर्को व्हीबेंगा या अभियंत्याचा. अमेरिकेत काम करून आल्यामुळे सपाट स्लॅबच्या नव्या पद्धती त्याच्या सवयीच्या झाल्या होत्या. मार्ट स्टाम हा कडवा आधुनिकतावादी वास्तुविशारदही त्या काळात याच कार्यालयात नोकरीला होता. इमारतीत त्याचा वाटा नेमका किती, यावर अभ्यासकांत पुढे बराच वाद झाला. मला त्या वादात फारसा रस नाही, कारण या कारखान्यामागचा सर्वांत ठाम माणूस वास्तुविशारद नव्हताच. तो मालक होता.

केस व्हॅन डर लेऊ हे थिऑसॉफिस्ट, म्हणजे थिऑसॉफी या अध्यात्मवादी चळवळीचे अनुयायी होते, तत्त्वज्ञ जे. कृष्णमूर्तींच्या भोवती जमलेल्या वर्तुळातले. नेदरलँड्समधल्या ओमेनला त्या वर्षांत कृष्णमूर्तींची शिबिरं भरत. ३ ऑगस्ट १९२९ रोजी तिथेच कृष्णमूर्तींनी आपल्याभोवती उभी राहिलेली ‘ऑर्डर ऑफ द स्टार’ ही संघटना विसर्जित केली. त्या वेळी रॉटरडॅमजवळ हा कारखाना उभा राहत होता. मराठी वाचकाला कृष्णमूर्ती आणि तंबाखूचा कारखाना ही जोडी चमत्कारिक वाटेल. व्हॅन डर लेऊंना ती तशी वाटत नव्हती. माणसाची वाढ व्हायची तर त्याच्याभोवती उजेड, हवा आणि नीटनेटकेपणा हवा, आणि दिवसाचे इतके तास कारखान्यात जाणाऱ्या कामगाराला हे सगळं कारखान्यातच मिळायला हवं, असा त्यांचा सरळ हिशोब होता. शिवाय उजेडात पानाचा रंग आणि प्रत नीट कळते, स्वच्छ जागेत खाण्यापिण्याचा माल खराब होत नाही आणि चकाकणारा कारखाना स्वतःच जाहिरात होतो, हा धंद्याचा हिशोबही त्यांना कळत होता. श्रद्धा आणि हिशोब दोन्ही एकाच दिशेला बोट दाखवत होते, म्हणून इमारतीत कुठे कचखाऊपणा दिसत नाही.

पुढे हेच गृहस्थ व्हिएन्नाला जाऊन फ्रॉइडकडे मनोविश्लेषण शिकले. रिचर्ड नॉयत्रा या वास्तुविशारदाला लॉस एंजेलिसमध्ये स्वतःचं घर बांधायला त्यांनी कर्ज दिलं. त्या घराच्या ‘व्हीडीएल’ या नावात व्हॅन डर लेऊ यांचीच आद्याक्षरं आहेत. कंपनीचे एक संचालक सोनेफेल्ड यांनीही आपलं घर व्हॅन डर व्लुख्त यांच्या कार्यालयाकडूनच करून घेतलं आणि रॉटरडॅममधलं ते घर आज संग्रहालय म्हणून पाहता येतं. गिऱ्हाइकाने एकदाच धाडस केलं आणि विसरून गेला, असा हा प्रकार नव्हता.

माल वरून खाली, उजेड दोन्ही बाजूंनी

इमारतीचा आकार तिच्या कामातून आला आहे. मुख्य इमारतीत तीन भाग एका ओळीत जोडलेले. तंबाखूचा सर्वांत उंच, मग कॉफीचा, आणि सर्वांत बुटका चहाचा. कच्चा माल उचलून वरच्या मजल्यावर न्यायचा आणि प्रक्रियेचा एकेक टप्पा उरकत खाली उतरवायचा. ज्या मालाला जितके टप्पे, तितके त्याचे मजले. खाली तयार झालेल्या पुड्या आणि खोकी तिरक्या काचेच्या पुलांमधून, आतल्या रस्त्याच्या डोक्यावरून, कालव्याकाठच्या गोदामांत आणि मालवाटपाच्या इमारतीत जात. छायाचित्रांत सर्वाधिक झळकणारे ते प्रसिद्ध पूल म्हणजे मालाचे पट्टे झाकणारी लांबट पेटी आहे; त्यांच्यात शोभेसाठी असं काही नाही.

तुलनेला ट्यूरिनचा फियाटचा लिंगोत्तो कारखाना घ्या. त्याच दशकातला, १९२३ मध्ये पुरा झालेला. तिथे उलट चालायचं : माल तळमजल्यावर आत यायचा, मोटार मजल्यामजल्याने वर चढत तयार व्हायची आणि शेवटी छपरावरच्या चाचणी-मार्गावर धावायची. दोन्ही इमारती म्हणजे प्रक्रियेला दिलेला आकार. अशा इमारतीतून प्रक्रिया निघून गेली की रिकाम्या साच्यासारखी अवस्था होते, आणि पुढचा सगळा प्रश्न तिथून सुरू होतो.

आता सांगाडा. व्हॅन नेलेत मजल्यांना तुळया नाहीत. काँक्रीटचा खांब वर जाताना छत्रीसारखा पसरतो आणि थेट स्लॅबला टेकतो. याला ‘मशरूम कॉलम’ म्हणतात. अमेरिकेत टर्नर आणि स्वित्झर्लंडमध्ये मायार या अभियंत्यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकाच्या आसपास ही पद्धत रूढ केली होती. तुळया नसल्यामुळे छत सपाट राहतं, खिडकीच्या वरच्या कडेतून आलेला उजेड कुठे अडत नाही आणि मजल्याच्या पोटात खोलवर पोहोचतो. नळ आणि तारा हव्या त्या दिशेने नेता येतात. खांब इमारतीच्या कडेवर नाहीत, थोडे आत सरकवलेले आहेत, आणि स्लॅब त्यांच्यापुढे बाहेर झेपावतो. त्यामुळे बाहेरच्या भिंतीवर मजल्यांचा काहीच भार येत नाही. पडदा टांगावा तशी ती टांगलेली आहे. ‘कर्टन वॉल’ हा शब्द आज कुठल्याही काचेच्या टॉवरला लावला जातो, पण इतक्या मोठ्या प्रमाणावर आणि इतक्या सरळपणे तो पडदा युरोपात उभा राहिला त्यांतल्या पहिल्या काही ठिकाणांत व्हॅन नेलेची गणना होते. जर्मनीतल्या फागुसच्या बूट-साच्यांच्या कारखान्यात ग्रोपियस आणि मायर या वास्तुविशारदांनी १९११ मध्ये काचेचे कोपरे करून जी सुरुवात केली होती, ती इथे आठ मजले चढली.

इमारत रुंदीला बेताची आहे, त्यामुळे उजेड दोन्ही लांब बाजूंनी येतो आणि एका बाजूला उभं राहिलं तर मजल्याच्या आरपार पलीकडचं आभाळ दिसतं. हे आरपार दिसणं लक्षात ठेवा. पुनर्वापरात याचीच सर्वांत जास्त किंमत होती.

वास्तुविशारद ल कॉर्ब्युझिए १९३२ मध्ये इथे येऊन गेले आणि भारावून लिहिते झाले; कामगार या शब्दाला चिकटलेली हताशा या कारखान्याने पुसून टाकली, अशा अर्थाचं त्यांनी लिहून ठेवलं. ते पाहुणे होते आणि पाहुण्याला दाखवायला कंपनीकडे पुष्कळ होतं. छपरावर गोल काचेचा चहाकक्ष होता, तिथून बंदरापर्यंत नजर जाई. आत डच डिझाइनर गिस्पेन यांचे दिवे आणि खुर्च्या होत्या. पुड्या आणि जाहिराती याक यॉन्गर्ट यांनी आखलेल्या, इमारतीइतक्याच आधुनिक. कामगारांसाठी धुण्या-न्हाण्याच्या सोयी होत्या, खेळाची मैदानं होती. स्त्री आणि पुरुष कामगारांचे जिने मात्र वेगवेगळे होते. ज्या काचेतून उजेड येतो त्याच काचेतून नजरही जाते. कोण जागेवर आहे आणि कोण नाही, हे या पारदर्शक कारखान्यात लपत नव्हतं. मला या दोन गोष्टी एकमेकींना खोट्या ठरवणाऱ्या वाटत नाहीत. काळजी आणि देखरेख त्या काळच्या चांगल्या मालकांमध्ये एकत्रच नांदत होत्या, आणि इमारत दोन्ही प्रामाणिकपणे दाखवते.

माल गेल्यावर

१४ मे १९४०च्या बॉम्बहल्ल्यात रॉटरडॅमचं जुनं मध्यवर्ती शहर जळून गेलं. शहराबाहेरचा हा कारखाना वाचला. युद्धानंतर तो दशकानुदशकं चालला, आणि त्याच कामासाठी चालला, ही त्याच्या आराखड्याला मिळालेली सर्वांत मोठी पावती. यंत्रं बदलली, मजले तेच राहिले.

मग मालकी फिरत गेली. सत्तरच्या दशकात कंपनी अमेरिकी उद्योगसमूहाकडे गेली, १९८९ मध्ये ती डौवे एग्बर्ट्सच्या पंखाखाली आली. स्पर्धकच मालक झाला की दोन कारखान्यांपैकी एक जास्तीचा ठरतो. पुढच्या काही वर्षांत उत्पादन हलवलं गेलं आणि इमारत रिकामी होऊ लागली.

तिच्या नशिबाने एक गोष्ट आधीच झाली होती. कारखाना चालू असतानाच, १९८५ मध्ये, तिला राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा मिळाला होता. यंत्रं धडधडत असताना एखाद्या कारखान्याला स्मारक ठरवणं तेव्हा विरळाच. एरवी आधी कुलूप लागतं, मग काचा फुटतात, मग पाऊस आत येतो, आणि संरक्षणाची फाईल हलेपर्यंत वाचवण्यासारखं फारसं उरत नाही. काच आणि पोलाद यांच्या इमारतीत हा क्रम फार वेगाने पुरा होतो. विटेला ओल सोसते. उघड्या पडलेल्या पोलादी चौकटीला गंज चढतो, गंज फुगतो आणि फुगलेली चौकट काच तडकवते. व्हॅन नेलेला ही अवकळा आली नाही, कारण मधला रिकामा काळ थोडा होता आणि कायदा आधीच जागा होता.

आणखी एक गोष्ट तेव्हा नेदरलँड्समध्ये जमून आली होती. ह्यूबर्ट-यान हेंकेत आणि वेसेल द योंगे या दोघा वास्तुविशारदांनी १९८८ मध्ये आयंडहोव्हनला ‘डोकोमोमो’ ही संस्था सुरू केली होती. आधुनिक चळवळीतल्या इमारतींची नोंद करायची आणि त्या जपायच्या, एवढंच तिचं काम. तोपर्यंत ‘आधुनिक’ आणि ‘वारसा’ हे दोन शब्द एका वाक्यात येत नसत. हिल्व्हरसमचं झोनस्ट्राल आरोग्यधाम, तेही काच आणि काँक्रीट यांचंच, जीर्ण होत चाललं होतं, आणि त्याच्या अभ्यासातून या दोघांना एकेरी काच, बारीक चौकटी आणि पातळ काँक्रीट यांची दुखणी पाठ झाली होती. व्हॅन नेलेच्या पुनर्वापराचं समन्वयाचं काम वेसेल द योंगे यांच्याकडे आलं तेव्हा ते कोऱ्या पाटीने आले नव्हते.

भिंतीच्या आत भिंत

पहिला प्रश्न वापराचा होता. कारखाना म्हणून ती चालणार नव्हती. घरं करायची तर मजल्यांचे तुकडे पडणार, न्हाणीघरं आणि स्वयंपाकघरं आत येणार, काचेला पडदे लागणार. आरपार दिसणं संपलं. संग्रहालय म्हणावं तर एवढे मजले भरायचे कशाने, आणि काचेच्या भिंतीवर चित्रं टांगायची कुठे? जो निर्णय झाला तो असा की डिझाइन, वास्तुरचना, माध्यमं अशा क्षेत्रांतल्या छोट्यामोठ्या कंपन्यांना मजल्यांवर जागा द्यायची आणि सगळ्याला नाव द्यायचं ‘व्हॅन नेले ऑन्तवर्पफाब्रीक’, म्हणजे आराखड्यांचा कारखाना.

नावाकडे जाऊ नये, निवडीकडे पाहावं. मोकळ्या मजल्यावर टेबलं मांडून बसणं हे कारखान्याच्या मूळ वापराच्या त्यातल्या त्यात जवळचं. जड यंत्रांसाठी केलेल्या स्लॅबला टेबलांचा भार म्हणजे काहीच नाही. उजेड इथे नकोसा नाही, हवासा. आणि उन्हाळ्यात थोडं जास्त उबदार, हिवाळ्यात कडेला थोडं गार, एवढी तडजोड चांगल्या जागेसाठी आनंदाने करणारा भाडेकरू याच वर्गात सापडण्याची शक्यता जास्त. आधी भाडेकरू ठरवून त्याच्या मापाची इमारत कापण्याऐवजी इमारतीला सोसवेल असा वापर शोधला गेला. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय हाच, आणि तो एकही काच काढण्याआधी झाला.

मग आली भिंत. एकेरी काचेतून दुहेरी काचेच्या साधारण दुप्पट उष्णता निसटते. हिवाळ्यात काचेला लागून गार हवा खाली घसरते आणि पायाशी झोंबते, पोलादी पट्ट्यांवर दव धरतं. उन्हाळ्यात उलट, मजला भट्टीसारखा तापतो. शिवाय बाजूने रेल्वे जाते. कारखान्यात यंत्रांच्या आवाजात ती ऐकू येत नसेल; बैठकीच्या खोलीत येते.

सोपा उपाय होता : मूळ काच काढायची आणि दुहेरी बसवायची. अनेक आधुनिक इमारतींवर तेच झालं आहे. पण दुहेरी काच जाड आणि वजनदार असते, तिला पेलायला चौकट जाड करावी लागते. जाड चौकटी लागल्या की दुरून दिसणारं ते रेघांचं जाळं ठसठशीत होतं. जिथे पेन्सिलची रेघ होती तिथे मार्करची येते. दुहेरी काचेत दोन-दोन प्रतिबिंबं पडतात, काच काळोखी वाटू लागते आणि आतलं दिसेनासं होतं. मोजमापांच्या कागदावर इमारत तीच राहते. पाहणाऱ्याला ती दुसरी कुठलीतरी दिसते.

म्हणून मूळ भिंत जागेवर ठेवली गेली, दुरुस्त केली गेली आणि तिच्याकडून आजच्या कार्यालयाची अपेक्षा करणं सोडून दिलं गेलं. तिच्यापासून आत काही अंतरावर दुसरी काचेची भिंत उभी केली. कामाच्या जागा या आतल्या भिंतीच्या पलीकडे. दोन्ही भिंतींमधली पट्टी म्हणजे मार्गिका. त्या पट्टीत बाहेरची थंडी आणि ऊन आधी जिरतं, गाडीचा आवाज बोथट होतो, आणि माणसं तिथून ये-जा करतात. जिथे कोणी आठ तास बसत नाही तिथे तापमान थोडं वरखाली झालं तर चालतं, एवढ्या साध्या गोष्टीवर ही सगळी रचना उभी आहे. वर मार्गिकेसाठी वेगळी जागा शोधावी लागली नाही.

दोन्ही भिंती काचेच्या असल्याने आरपार दिसणं बऱ्याच अंशी शाबूत राहिलं. आतली भिंत मजल्यावर आणि छताला टेकवलेली आहे, मूळ सांगाड्यात मिसळलेली नाही. उद्या तिची गरज संपली, किंवा चाळीस वर्षांनी याहून चांगला उपाय निघाला, तर ती काढून घेता येईल. जपणुकीच्या भाषेत याला परत फिरवता येण्याजोगा हस्तक्षेप म्हणतात. हे म्हणायला सगळेच म्हणतात. इथे ते खरोखर करून ठेवलं आहे.

एक अडचण मात्र छुपी होती आणि तिच्याबद्दल कमी बोललं जातं. छत्रीसारख्या खांबांच्या छताखाली खोटं छत लावता येत नाही. लावलं तर खांबाचा पसरलेला माथा गडप होतो, आणि काचेच्या वरच्या कडेतून आत येणारा उजेडही कापला जातो. मग हवा, वीज, आगीची सूचना देणारी यंत्रणा हे सगळं उघड्यावर न्यायचं आणि तरी गबाळं दिसू द्यायचं नाही. कारखान्यात नळ उघडेच होते, म्हणून हे इथे शोभतं; पण त्यासाठी प्रत्येक तारेची जागा आधी आखावी लागते. आणि भाडेकरू बदलतात. नवा माणूस आला की त्याला आपली भिंत हवी, आपला रंग हवा, काचेवर आपलं नाव हवं. अनेक भाडेकरूंची इमारत जपायची म्हणजे दुरुस्ती एकदा आणि नकार कायमचा. एकदा सगळ्यांसाठी नियम ठरवायचे आणि मग ते वर्षानुवर्षं पाळून घ्यायचे, हे काम फितीला कात्री लावल्यानंतर सुरू होतं.

२०००च्या दशकाच्या पहिल्या निम्म्यात टप्प्याटप्प्याने हे काम झालं. मालवाटपाच्या इमारतीतली मोठी दालनं प्रदर्शनं आणि समारंभांसाठी मोकळी ठेवली गेली. आर्ट रॉटरडॅम हा कलामेळा पुढे अनेक वर्षं याच आवारात भरला.

यादीत नाव येतं तेव्हा

युनेस्कोने २०१४ मध्ये हा कारखाना दोन निकषांवर स्वीकारला : आधुनिक वास्तुविचारांची देवाणघेवाण इथे एकवटली आहे, आणि दोन महायुद्धांमधल्या काळातल्या कारखान्याचा हा उत्कृष्ट नमुना आहे. सोबतच्या वर्णनात दोन गोष्टी आवर्जून येतात. उजेडामुळे कामाची जागा सुखकर करणारा ‘आदर्श कारखाना’ ही एक. उष्ण प्रदेशांतून येणारा माल आणून, प्रक्रिया करून युरोपभर विकण्याच्या दीर्घ डच परंपरेची साक्ष, ही दुसरी.

दुसऱ्या वाक्याशी मी थोडा थांबतो. या उष्ण प्रदेशांत त्या काळचं डच ईस्ट इंडीज, म्हणजे आजचा इंडोनेशिया, येतं. जावा आणि सुमात्रामधल्या मळ्यांत डच वसाहतीच्या राजवटीत चहा, कॉफी आणि तंबाखू पिकत होता. कारखान्यात उजेड होता, हे खरं. त्या साखळीचं दुसरं टोक कुठे होतं हेही खरं, आणि तिथल्या मजुरासाठी कोणी काचेची भिंत बांधली नव्हती. कारखान्याची भव्यता सांगताना ‘उष्ण प्रदेश’ एवढे दोनच शब्द या इतिहासाला पुरत नाहीत. ही इमारत वारसा आहे म्हणूनच हे तिच्याच आवारात, ठळकपणे सांगितलं जावं असं मला वाटतं.

लिंगोत्तोकडे पुन्हा एकदा पाहू. तो १९८२ मध्ये बंद झाला, रेन्झो पियानो यांच्या आराखड्याने तिथे सभागृह, हॉटेल, दुकानं असं एक छोटं शहर वसलं. चढण आणि छपरावरचा मार्ग टिकला, पण मजल्यांवर फिरताना इथे मोटारी बनत होत्या हे सांगावं लागतं. एवढ्या प्रचंड आकाराच्या इमारतीपुढे दुसरा मार्ग कदाचित नसेलही. दुसऱ्या टोकाला फागुस. तो २०११ मध्ये जागतिक वारसा झाला तेव्हाही तिथे बुटांचे साचे बनत होते, आणि स्मारकाला याहून चांगलं काही मागायचं नसतं. व्हॅन नेले या दोहोंच्या मध्ये येतो. काम गेलं, पण कामाची जागा कामाचीच राहिली. टेबलं आहेत, दिवसाच्या उजेडात मान खाली घालून बसलेली माणसं आहेत, संध्याकाळी दिवे लागले की आठही मजले बाहेरून उजळलेले दिसतात. १९३१ मध्येही रात्रीचं हे दृश्य कंपनीला हवंच होतं.

मला खटकतं ते वेगळं आहे. पडदा वाचला, खांब वाचले, पूल वाचले. पण ज्यांच्यासाठी हा उजेड आणला असं मालक म्हणत होते, त्या पुड्या भरणाऱ्या बायका आणि पोती हलवणारे गडी इमारतीतून जवळजवळ पुसले गेले. आराखड्यांवर वास्तुविशारदांची नावं आहेत, वादातही वास्तुविशारदच आहेत. कामगारांच्या खुणा शोधायच्या तर वेगळ्या जिन्यांत, धुण्या-न्हाण्याच्या जागांत, पुलांच्या उतारात शोधाव्या लागतात, आणि पाहुण्याला त्या दाखवल्याशिवाय कळत नाहीत.

यासाठी मोठं संग्रहालय लागत नाही. तंबाखूच्या भागातल्या एखाद्या मजल्यावर यंत्रं जिथे उभी होती त्या जागा जमिनीवर आखून दाखवता येतील. वरून खाली येणाऱ्या मालाची वाट मजल्यामजल्यावर एका रंगाच्या रेघेने काढता येईल. ती पुलातून पलीकडे कालव्यापर्यंत नेली तर पाहुण्याला इमारतीचा उतरता आकार आपोआप उमगेल. त्या रेघेचं वरचं टोक मात्र छपराखालच्या मजल्यावर सुरू करू नये. ते जावाच्या नकाशावरून सुरू करावं. आणि स्त्रियांच्या जिन्याशी, पायरीच्या उंचीवर, तिथून रोज चढणाऱ्या बायका कोणत्या मजल्यावर कोणतं काम करायच्या, एवढं लिहावं.